वाचकांचे प्रश्न : इराकची घटना कोणी लिहिली, कोणाला वगळून लिहिली

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की इराकच्या २००५ च्या राज्यघटनेत कलमांपेक्षा ती लिहिण्याची रीत जास्त चुकली. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते. बऱ्याच जणांनी नाव छापू नये असं कळवलं आहे, म्हणून कोणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : इराकची घटना सार्वमताला टाकली गेली आणि जवळपास ७९ टक्के मतं तिच्या बाजूने पडली. तरीही तुम्ही तिला 'एका समाजाला वगळून लिहिलेली' म्हणता. मग लोकांचा कौल मानायचाच नाही का? (कायद्याच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी)

कौल मानायचाच. पण देशाच्या एकूण आकड्यापाशी थांबू नका, प्रांतवार आकडे काढा. १५ ऑक्टोबर २००५ च्या सार्वमतात सुन्नीबहुल अनबार प्रांतात सुमारे ९७ टक्के मतं विरोधात पडली. अनबारला लागूनच शियाबहुल करबला आहे. तिथे सुमारे ९७ टक्के मतं बाजूने पडली. मजकूर एक, मतदानाचा दिवस एक, आणि सीमेच्या दोन बाजूंना असा निकाल. लोकांनी कलमं तोलून मत दिलं असतं तर इतका एकमुखी होकार आणि इतका एकमुखी नकार आला नसता. आपण कोण आहोत हेच प्रत्येकाने मतपत्रिकेवर नोंदवलं.

घटना येईपर्यंत देश ज्या हंगामी कायद्यावर चालला, त्यात एक अट होती. कोणत्याही तीन प्रांतांत दोन तृतीयांश मतदारांनी नकार दिला तर मसुदा पडणार. कुर्दांनी ही अट स्वतःच्या तीन प्रांतांच्या रक्षणासाठी घालून घेतली होती, पण ती वापरायची वेळ सुन्नी अरबांवर आली. अनबारमध्ये नकार दोन तृतीयांशाच्या कितीतरी पुढे गेला, सलाहुद्दीनमध्ये तो ८२ टक्क्यांच्या घरात होता. निनेवा प्रांतात, म्हणजे मोसूल जिथे आहे तिथे, नकार सुमारे ५५ टक्के भरला. बहुमत होतं, दोन तृतीयांश नव्हते. म्हणून घटना मंजूर झाली. शिवाय मतदानाला दोन आठवडेही उरलेले नसताना इराकच्या संसदेने या अटीचा असा अर्थ लावला होता की होकार मोजताना प्रत्यक्ष मतदान करणारे धरायचे आणि नकार मोजताना यादीतले सगळे नोंदणीकृत मतदार. संयुक्त राष्ट्रांनी हरकत घेतली तेव्हा तो अर्थ मागे घेतला गेला. ज्यांना आधीच वाटत होतं की हा खेळ आपल्याविरुद्ध ठरवलेला आहे, त्यांना ते चार दिवस पुरेसे होते.

आता हे लोक बाहेर राहिले कसे, ते सांगते. ३० जानेवारी २००५ ला २७५ जागांची संसद निवडली गेली आणि तिच्याकडेच घटना लिहिण्याचं काम होतं. नोव्हेंबर २००४ मध्ये अनबारमधल्या फलुजा शहरावर अमेरिकी फौजांचा मोठा हल्ला झाला होता. त्यानंतर सुन्नी अरबांच्या प्रमुख संघटनांनी बहिष्कार पुकारला. जे मत द्यायला तयार होते त्यांना जिवाची भीती. अनबारमध्ये मतदान दोन टक्क्यांच्या आसपास झालं. तरीसुद्धा अनबारचे प्रतिनिधी निवडून येऊ शकले असते, जर प्रांतांना जागा वाटून दिल्या असत्या. तसं केलं नव्हतं. अख्खा देश हा एकच मतदारसंघ धरला होता. जिथे मतं पडली नाहीत तिथल्या जागा दुसरीकडच्या मतांनी भरल्या गेल्या. शिया पक्षांच्या आघाडीला १४०, कुर्द आघाडीला ७५ जागा मिळाल्या. माझ्या मते इराकच्या घटनेचं नुकसान या एका तांत्रिक निर्णयाने जितकं केलं तितकं कुठल्याही कलमाने केलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरच्या निवडणुकीत जागा प्रांतवार वाटल्या गेल्या, पण तोवर घटना मंजूर होऊन गेली होती.

घटना समितीत ५५ जण होते आणि त्यात सुन्नी अरब अवघे दोन. अध्यक्ष हुमाम हमूदी हे शिया पक्षाचे. बरीच बोलणी झाल्यावर जुलैमध्ये आणखी पंधरा सुन्नी सभासद आणि काही सल्लागार घेतले गेले. हे लोक निवडून आलेले नव्हते, त्यांच्यावर दोन्हीकडून संशय होता, आणि तरी ते आले. १९ जुलैला त्यांच्यापैकी मिजबिल इसा यांना बगदादमध्ये गोळ्या घालून मारलं. समितीचे एक सल्लागार त्यांच्यासोबत होते, तेही गेले. बाकीच्या सुन्नी सभासदांनी काम थांबवलं आणि काही दिवसांनी ते पुन्हा बैठकीला येऊन बसले. या माणसांबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. मी वर्गात घटना शिकवताना त्यांच्याबद्दल आवर्जून सांगत असे, कारण मसुदा लिहिणं हे तिथे जिवावरचं काम होतं.

आणि इतकं करून ते आले तेव्हा खरी बोलणी समितीतून उठून गेली होती. ऑगस्टमध्ये शिया आणि कुर्द पक्षांचे बडे नेते बगदादच्या संरक्षित भागात एकमेकांच्या घरी बसून संघराज्य, तेल, अधिकार यांवर तडजोडी करत होते. इराकी लोक त्या बैठकांना 'मतबख', म्हणजे स्वयंपाकघर, म्हणायचे. सुन्नी सभासदांसमोर तयार मजकूर येई. २८ ऑगस्टला मसुदा संसदेत वाचला गेला तेव्हा त्यांनी तो नाकारला.

यापुढचा भाग मला सर्वांत खटकतो. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने मसुद्याच्या लाखो प्रती छापून वाटायला सुरुवात झाली होती. तेवढ्यात, मतदानाच्या तीन दिवस आधी, इराकी इस्लामिक पार्टी या सुन्नी पक्षाशी समझोता झाला. नवी संसद आली की दुरुस्ती समिती नेमू आणि ती चार महिन्यांत बदल सुचवील, असं कलम १४२ घालण्यात आलं. म्हणजे लोकांच्या हातात जी प्रत होती तिच्यात हे कलम नव्हतंच. ७९ टक्क्यांचा कौल त्यांनी कोणत्या मजकुराला दिला, हे आता तुम्हीच सांगा.

प्रश्न : ही घटना अमेरिकेने लिहून दिली असं सर्रास म्हटलं जातं. खरं काय? (निवृत्त शिक्षिका)

लिहून दिली नाही. त्यांचा बेत तसा असता तरी एका माणसाने तो चालू दिला नाही. शियांचे ज्येष्ठ धर्मगुरू, नजफचे आयातुल्ला अली सिस्तानी यांनी जून २००३ मध्ये फतवा काढला की घटना इराकींनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींनीच लिहावी, नेमलेल्यांनी नाही. त्यांच्या हाती ना फौज होती ना सरकारी पद. अमेरिकेने इराकचा कारभार पाहायला नेमलेले पॉल ब्रेमर यांच्या प्रशासनाने त्यानंतर वेगवेगळ्या योजना काढल्या, निवडणुकीऐवजी प्रांतोप्रांती सभा घेऊन प्रतिनिधी नेमायचे वगैरे. जानेवारी २००४ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि त्या योजना गुंडाळाव्या लागल्या. सिस्तानींच्या त्या आग्रहाबद्दल मला मनापासून आदर आहे.

वेळापत्रक मात्र अमेरिकेच्या देखरेखीखाली ठरलं. मार्च २००४ च्या हंगामी कायद्यात तारखा घातल्या होत्या: मसुदा १५ ऑगस्ट २००५ पर्यंत, सार्वमत १५ ऑक्टोबरपर्यंत, निवडणूक १५ डिसेंबरपर्यंत. सुन्नी सभासद समितीत येऊन बसले जुलैमध्ये. सगळ्यांना सोबत घेऊन चर्चा करायला जेमतेम सहा आठवडे मिळाले, आणि त्यातलेही शेवटचे दिवस त्या बंद बैठकांत गेले. याच कायद्यात सोय होती की १ ऑगस्टपूर्वी मागणी केली तर सहा महिन्यांपर्यंत मुदत वाढवता येईल. ती मागितली गेली नाही. अमेरिकेला तारखा पाळल्या जायला हव्या होत्या, आणि शिया व कुर्द नेत्यांनाही थांबण्यात फायदा दिसत नव्हता, कारण संसदेत त्यांचीच संख्या होती. दोषाचा वाटा दोघांचाही आहे. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की १५ ऑगस्टची तारीख शेवटी पाळली गेलीच नाही. मसुदा तेरा दिवस उशिरा आला. तेरा दिवस चालतात तर सहा महिने का चालले नसते?

प्रश्न : तुम्ही वेळ घ्यायला हवा होता म्हणता. रोज बॉम्बस्फोट होत असताना, माणसं मरत असताना, वेळ घेणं कोणाला परवडतं? (एक वाचक)

प्रश्न रास्त आहे, आणि मी तो वर्गात अनेक वर्षं दुसऱ्यांना विचारत आले आहे. माझं उत्तर दक्षिण आफ्रिकेतून येतं. तिथेही १९९० ते १९९४ या काळात राजकीय हिंसेत हजारो माणसं मेली. त्यांनी दोन टप्पे केले. १९९३ मध्ये हंगामी घटना आणि तिच्यात सर्वांनी मान्य केलेली ३४ तत्त्वं. १९९४ मध्ये निवडणूक. मग ४९० सभासदांच्या घटनासभेने दोन वर्षं मसुदा केला. सप्टेंबर १९९६ मध्ये घटना न्यायालयाने तो परत पाठवला, कारण काही कलमं त्या ३४ तत्त्वांत बसत नव्हती. दुरुस्त्या झाल्या, डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली. इंकाथा हा झुलू समाजाचा पक्ष १९९५ मध्येच घटनासभेतून बाहेर पडला होता, तरी त्याच्या समाजाला एक गोष्ट माहीत होती: बहुमताला त्या तत्त्वांपलीकडे जाता येणार नाही, आणि ते बघायला एक न्यायालय बसलेलं आहे. वेळ म्हणजे नुसते महिने नाहीत. त्या महिन्यांत कमी संख्येच्या बाजूला आसरा काय, हा खरा प्रश्न असतो.

इराकमध्ये हंगामी कायदा होता. त्यातली सहा महिन्यांची मुदतवाढ तरी घेता आली असती. पण घाई केली, आणि घाईने शांतता आली का? सार्वमताला चार महिने आणि काही दिवस झाले असताना, २२ फेब्रुवारी २००६ ला, समारा इथल्या अल-अस्करी दर्ग्याचा सोनेरी घुमट उडवला गेला. शियांचे दहावे आणि अकरावे इमाम तिथे आहेत. त्यानंतरच्या दोन वर्षांत बगदादच्या मिश्र वस्त्या रिकाम्या झाल्या. सावकाश लिहिलेल्या घटनेने हे टळलं असतं असा दावा मी करत नाही. ज्यांनी तो घुमट उडवला त्यांना कुठलीच घटना नको होती. पण त्यांच्याविरुद्ध उभे राहू शकणारे सुन्नी नेते नुकतेच आपल्या लोकांसमोर तोंडघशी पडले होते, आणि ते टाळता येण्यासारखं होतं.

प्रश्न : वादाचे विषय पुढे ढकलणं शहाणपणाचंच असतं. भारताच्या घटनाकारांनी राजभाषेचा प्रश्न १५ वर्षं पुढे ढकलला. मग इराकने किर्कुकचा प्रश्न पुढे ढकलला तर बिघडलं काय? (राज्यशास्त्राचे एक अध्यापक)

आलेल्या पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत आवडला. ढकलण्यात काही बिघडत नाही. ढकलताना काय लिहून ठेवता, त्यावर सगळं आहे.

भारताच्या कलम ३४३ मध्ये १५ वर्षांची मुदत आहे आणि लगेच पुढे हेही आहे की त्या मुदतीनंतर इंग्रजीचा वापर चालू ठेवायचा तर संसद कायद्याने ठेवू शकेल. साधा कायदा, साधं बहुमत. १९६३ मध्ये तसा कायदा झाला. १९६५ मध्ये मद्रास राज्यात मोठं आंदोलन पेटलं, माणसं गेली, आणि १९६७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बिगर-हिंदी राज्यांना भरवसा मिळाला. मार्ग खडतर होता, पण मुदत संपली तर कोणी काय करायचं ते कागदावर होतं.

आता इराकच्या घटनेचं कलम १४० बघा. किर्कुकमधून सद्दाम हुसेनच्या राजवटीने कुर्द आणि तुर्कमेन कुटुंबांना हाकललं होतं आणि तिथे अरबांना आणून वसवलं होतं. कलम म्हणतं: आधी ही स्थिती पूर्ववत करा, मग जनगणना, मग तिथल्या लोकांना काय हवं यावर सार्वमत, आणि हे सगळं ३१ डिसेंबर २००७ पर्यंत. मुदत चुकली तर काय? एक अक्षर नाही. मुदत चुकली. कुर्द म्हणतात कलम जिवंत आहे, अरब आणि तुर्कमेन पक्ष म्हणतात ते त्या दिवशी मेलं. मधल्या काळात निर्णय बंदुकीने झाले: २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटपुढे इराकी फौज पळाली तेव्हा कुर्दांच्या पेशमर्गा फौजांनी किर्कुक ताब्यात घेतलं, सप्टेंबर २०१७ मध्ये कुर्द नेतृत्वाने स्वातंत्र्याचं सार्वमत तिथेही घेतलं, आणि ऑक्टोबरमध्ये बगदादच्या फौजांनी शहर परत घेतलं. देशभराची जनगणना झाली ती थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये, आणि तिच्यात वांशिक ओळख विचारलीच नाही, कारण विचारली असती तर जनगणनाच झाली नसती.

किर्कुक एकटं नाही. वरिष्ठ सभागृहाबद्दल, म्हणजे प्रांतांच्या प्रतिनिधींच्या परिषदेबद्दल, कलम ६५ सांगतं की तिची रचना संसद दोन तृतीयांश मतांनी कायदा करून ठरवील. तो कायदा झालेला नाही, त्यामुळे ते सभागृहही नाही. सर्वोच्च संघीय न्यायालयात किती न्यायाधीश आणि किती शरियतज्ज्ञ असावेत, तेही कलम ९२ ने दोन तृतीयांशांवर सोडलं, आणि ते न्यायालय घटनेच्या आधी, २००५ च्या सुरुवातीला काढलेल्या एका आदेशावर चालत आलं आहे. तेलाबद्दल कलम १११ म्हणतं की ते सर्व इराकी जनतेचं आहे. पुढचं कलम चालू तेलक्षेत्रांची व्यवस्था सांगतं, आणि पुढे सापडणाऱ्या क्षेत्रांबद्दल दोन्ही बाजूंना हवा तसा अर्थ काढता येतो. तेल कायद्याच्या मसुद्याला मंत्रिमंडळाने २००७ मध्ये मान्यता दिली, संसदेने आजवर दिलेली नाही. कुर्दिस्तानने आपला स्वतंत्र कायदा केला, तो फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवला.

आणि ते कलम १४२, ज्याच्या भरवशावर इस्लामिक पार्टीने आपल्या लोकांना होकार द्यायला सांगितलं? दुरुस्ती समिती बसली, अहवालही झाले, पण एकही दुरुस्ती मंजूर झालेली नाही. दुरुस्त्यांवर पुन्हा सार्वमत घ्यायचं होतं आणि त्यातही तीन प्रांतांना नकाराधिकार होता, म्हणजे कुर्दांच्या संमतीशिवाय काही हलणार नव्हतं.

माझं म्हणणं याच उत्तरात आहे. जिथे समाज एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत तिथे 'पुढे कायदा करू' हे वाक्य लिहायचं असेल तर त्याच्या पुढच्या वाक्यात लिहा की कायदा झाला नाही तर आपोआप काय लागू होईल. ते वाक्य नसलं की ज्याला आहे ती स्थिती सोयीची, तो काहीही न करता जिंकतो.

प्रश्न : धर्म आणि स्त्रिया यांबद्दल या घटनेत नेमकं काय ठरलं? (एक वाचक भगिनी)

चर्चा सगळी कलम २ वर झाली. इस्लाम हा राज्याचा धर्म आणि कायद्याचा एक आधारभूत स्रोत. इस्लामच्या सर्वमान्य तत्त्वांविरुद्ध कायदा करता येणार नाही. आणि लोकशाहीच्या तत्त्वांविरुद्ध किंवा घटनेतल्या मूलभूत हक्कांविरुद्धही करता येणार नाही. या अटी एकमेकींना धरून ठेवतात, म्हणून मला त्या कलमाची तितकी भीती वाटली नाही.

मला भीती वाटली कलम ४१ ची. इराकमध्ये १९५९ पासून विवाह, घटस्फोट, वारसा यांसाठी शिया आणि सुन्नी दोघांनाही लागू असलेला एकच कायदा होता, क्रमांक १८८. मुलीच्या विवाहाचं वय सर्वसाधारणपणे १८, दुसऱ्या विवाहाला न्यायाधीशाची परवानगी. नझीहा अल-दुलैमी यांच्यासारख्या स्त्रियांनी त्यासाठी काम केलं होतं, आणि त्याच वर्षी त्या मंत्री झाल्या. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेने नेमलेल्या प्रशासकीय परिषदेने हा कायदा मोडीत काढण्याचा ठराव केला, क्रमांक १३७. बगदादच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि दोनच महिन्यांत तो मागे घ्यायला लावला. पण तीच कल्पना कलम ४१ मधून परत आली: व्यक्तिगत बाबतीत प्रत्येकाला आपल्या धर्माप्रमाणे, पंथाप्रमाणे किंवा निवडीप्रमाणे वागण्याची मुभा, तपशील कायद्याने ठरतील.

वीस वर्षं ते कलम तसंच पडून होतं. जानेवारी २०२५ मध्ये संसदेने दुरुस्ती केली आणि विवाह करणाऱ्यांना १९५९ चा कायदा किंवा शियांची जाफरी संहिता यांतून निवड करता येईल असं ठरवलं. निवड म्हटलं की ऐकायला बरं वाटतं. पण घरात निवड कोण करतं? आणि बगदादमध्ये शिया-सुन्नी विवाह पिढ्यान् पिढ्या होत आले आहेत. त्या घरांना आता कागदावर एक बाजू सांगावी लागेल. संसदेत स्त्रियांना एक चतुर्थांश जागा हीच घटना देते, आणि त्याचं मोल मी कमी लेखत नाही. तरी संसदेत मिळालेली जागा आणि घरात गमावलेला हक्क यांची वजाबाकी करता येत नाही.

प्रश्न : शिया, सुन्नी आणि कुर्द असे तीन देश करून टाकले असते तर? (एक वाचक)

रेषा कुठून काढाल? कुर्दांचा प्रदेश बराचसा वेगळा आहे, पण किर्कुकचं वर सांगितलंच. बगदादमध्ये तर सगळेच. माझ्याकडे मोसूलचा एक विद्यार्थी संशोधन करत होता, शम्मार टोळीतला. त्या टोळीच्या उत्तरेकडच्या शाखा सुन्नी आहेत, दक्षिणेकडच्या शिया. 'त्रिभाजन' हा शब्द चर्चेत आला की तो वही मिटून घ्यायचा.

२००५ मध्ये सुन्नी अरबांचा संघराज्यालाच विरोध होता, कारण मोठी तेलक्षेत्रं दक्षिणेला आणि किर्कुकला, आपल्या वाट्याला वाळवंट, अशी त्यांची धास्ती होती. घटनेच्या कलम ११९ प्रमाणे कोणत्याही प्रांताला स्वायत्त प्रदेश होण्याची मागणी करता येते. आणि २०११ मध्ये ती मागणी कोणी केली? सलाहुद्दीन आणि दियालाने, म्हणजे जिथल्या सुन्नी अरबांनी सहा वर्षांपूर्वी हीच तरतूद धोक्याची मानली होती त्या प्रांतांनी. बगदादमधल्या पंतप्रधान नूरी मालिकी यांच्या सरकारच्या कारभाराला ते इतके कंटाळले होते. सरकारने ती मागणी पुढे जाऊ दिली नाही. आधी या लोकांना घटना नको होती; पुढे त्यांनी तिचाच आधार घेतला, तेव्हा तो नाकारला गेला. त्यानंतर तीन वर्षांच्या आत इस्लामिक स्टेट त्या भागात शिरलं. याला कारणं अनेक होती, पण हे त्यांतलं एक आहे यात मला शंका नाही.

प्रश्न : पंतप्रधान शिया, राष्ट्राध्यक्ष कुर्द, सभापती सुन्नी असं घटनेत लिहिलं आहे का?

नाही. कुठेही नाही. ही वहिवाट आहे. पदांची वाटणी पंथाप्रमाणे, मग खाती, मग खात्यांतल्या नेमणुका. लेबनॉनमध्येही १९४३ पासून असंच अलिखित वाटप चालत आलं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये बगदादच्या तहरीर चौकात जी तरुण मुलं उतरली, त्यांतली बरीचशी शियाबहुल भागातलीच होती, आणि त्यांचा राग नेमका या वाटणीवर होता. त्या आंदोलनात शेकडो जणांचे प्राण गेले.

प्रश्न : आता सीरियातही नवी घटना होणार आहे. इराकवरून तिथे काय बघायचं? (पहिल्या प्रश्नातलाच विद्यार्थी)

१३ मार्च २०२५ ला दमास्कसमध्ये सीरियाचे हंगामी अध्यक्ष अहमद अल-शरा यांनी घटनात्मक जाहीरनाम्यावर सही केली. संक्रमणकाळ पाच वर्षांचा धरला आहे, म्हणजे इराकसारखी घाई नाही. ही गोष्ट चांगली. पण हा जाहीरनामा लिहिणारी सात जणांची समिती अध्यक्षांनी नेमली होती आणि तिला जेमतेम दोन आठवडेही मिळाले नाहीत. सहीच्या काही दिवस आधी किनारपट्टीवर अलावी या अल्पसंख्याक पंथाच्या वस्त्यांमध्ये मोठा नरसंहार झाला होता. ईशान्येकडच्या कुर्द प्रशासनाने जाहीरनामा लगेच नाकारला. त्यातल्या तरतुदीप्रमाणे संसदेचे एक तृतीयांश सभासद अध्यक्ष नेमणार.

तेव्हा कायमच्या घटनेच्या समितीत अलावी, द्रुझ, कुर्द, ख्रिस्ती आणि स्त्रिया किती आहेत, हे तर बघाच. पण त्यांना तिथे कोणी पाठवलं, त्यांच्या समाजाने की अध्यक्षांनी, ते आधी बघा. मग बघा की मतभेद झाला तर तो त्या खोलीतच सुटतो, की मोजके लोक उठून दुसऱ्या घरी जाऊन बसतात. समितीची यादी जाहीर झाली की मला लिहा. मीही ती मसुद्याच्या पहिल्या कलमाआधी वाचणार आहे.